माझे साडू आणि रेडिएटरचं पाणी

जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ पाण्यात आहे असं मनापासून मानणारा, आणि तरीही बारा महिने खुशीत असणारा माणूस मी आजवर एकच पाहिला आहे, आणि ते माझे साडू आहेत. माणसाचे केस गळतात ते पाण्यामुळे, डाळ शिजत नाही ती पाण्यामुळे, आणि पुण्यातली माणसं एकमेकांशी तशी का बोलतात याचंही उत्तर त्यांच्या मते बोअरवेलच्या क्षारांत आहे. मेलबर्नची माणसं बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात याचं मला आल्याआल्या फार कौतुक वाटलं होतं. साडूभाऊ म्हणाले, "कौतुक कसलं? मऊ पाणी आहे इथलं." त्यानंतर मी त्यांच्यापुढे कशाचंही कौतुक जरा जपूनच करतो.

पण पिण्याचं, अंघोळीचं, पावसाचं पाणी हे सगळं त्यांच्या दृष्टीने किरकोळ. त्यांचा खरा जीव आहे तो घर गरम ठेवणाऱ्या पाण्यात. इथल्या हिवाळ्यात घर गरम ठेवायच्या दोन पद्धती. एक आमच्यासारख्या सामान्य माणसांची, म्हणजे जमिनीतल्या जाळीतून गरम हवेचा झोत सोडायचा आणि त्या जाळीवर मोजे वाळत घालायचे. दुसरी साडूभाऊंची. त्यांच्याकडे बॉयलर आहे. तो पाणी तापवतो, ते पाणी नळ्यांतून घरभर फिरतं, प्रत्येक खोलीत भिंतीला टेकलेल्या लोखंडी रेडिएटरमधून ऊब देतं आणि परत बॉयलरकडे येतं. तेच पाणी, वर्षानुवर्षं. आमच्या पद्धतीला ते हीटिंग म्हणायलाच तयार नाहीत. "हवा गरम करतोस? दार उघडलं की गेली की रे ती! शेजाऱ्यांना गरम करतोस तू," असं ते मला दर जूनमध्ये, इथली थंडी सुरू झाली की, एकदा तरी ऐकवतात.

ज्याच्या घरी रेडिएटर आहेत त्याच्याकडे साडूभाऊ गेले, की ते यजमानाकडे नंतर बघतात. आधी भिंतीपाशी जाऊन रेडिएटरवर तळहात ठेवतात, वर, मग मध्ये, मग खाली, आणि डोळे मिटून उभे राहतात. एकदा ओळखीच्यांच्या वास्तुशांतीला त्यांनी तीर्थ घ्यायला पुढे केलेला हात तसाच मागे घेतला आणि शेजारच्या रेडिएटरला लावला. यजमान पळी धरून ताटकळले. "वर गरम आणि खाली गार," साडूभाऊ अत्यंत दुःखाने म्हणाले, "गाळ बसलाय. पाणी शेवटचं कधी तपासलंस?" त्या बिचाऱ्याला घर घेऊन महिना झाला होता. रेडिएटरमध्ये पाणी असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं, तो ते इलेक्ट्रिक समजत होता. तीर्थप्रसाद बाजूला राहिला आणि साडूभाऊंनी जमलेल्या मंडळींना आत लोखंड कसं गंजतं, त्या गंजाचा काळा चिखल कसा होतो, तो नळ्यांत कसा साचतो आणि मग बॉयलर गॅस खाऊन खाऊनही घर गारच कसं राहतं, हे सगळं सांगितलं. गुरुजी शेवटपर्यंत थांबले होते. त्यांच्याही घरी रेडिएटर होते.

या माणसाच्या खिशात पाकिटाशेजारी एक लोहचुंबक असतं. कुठे काळं पाणी दिसलं की ते चुंबक बाटलीला बाहेरून लावतात, आणि आतला काळा कण चुंबकाकडे सरकायला लागला की त्यांचा चेहरा असा उजळतो की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. असे नमुने त्यांच्या गॅरेजमध्ये फळीवर ओळीने मांडलेले आहेत. माझ्या मेव्हणीने, म्हणजे माझ्या बायकोच्या ताईने, सुरुवातीला ते स्वयंपाकघरात चालवून घेतले होते. पण एका भेळेच्या दिवशी कुणीतरी पाहुण्याने "ही चिंचेची चटणी का?" असं विचारत झाकण उघडलं आणि त्या दिवसापासून नमुने गॅरेजमध्ये गेले. त्यांची मुलगी या सगळ्याकडे वरच्या वर्गातल्या मुलांच्या अलिप्तपणाने बघते. "बाबा, इट्स जस्ट वॉटर," ती म्हणते. साडूभाऊ तिच्यावर कधीच रागवत नाहीत. "असं मलाही वाटायचं, तुझ्या वयाचा असताना," एवढंच म्हणतात.

त्यांचं हे वेड आलं कुठून, तर साखर कारखान्यातून. कॉलेज संपल्यावर सांगलीकडच्या एका कारखान्यात ते बॉयलर हाऊसला होते, आणि बॉयलरच्या पाण्याची निगा राखणं एवढंच त्यांचं काम होतं. हंगामात रात्रंदिवस तो बॉयलर धडधडायचा आणि त्याच्या तब्येतीची जबाबदारी या विशीतल्या पोराच्या नमुन्याच्या बाटलीवर. ते दिवस ते ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात माणसं पहिल्या प्रेमाविषयी बोलतात. पुढे लग्न झालं, व्हिसा मिळाला, इथे आले, आणि इथे त्यांना बॉयलर काही मिळाला नाही. मिळाली ती खुर्ची, दोन स्क्रीन आणि मीटिंगा. म्हणून मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात घर शोधताना बाकी सगळं कुटुंब शाळेचा झोन, स्टेशन आणि किचन बघत होतं, तेव्हा साडूभाऊ लाँड्रीतलं, म्हणजे घरातल्या कपडे धुवायच्या खोलीतलं, कपाट उघडून एका जुनाट बॉयलरसमोर हात जोडल्यासारखे उभे होते. एजंट म्हणाला, "डोंट वरी मेट, यू कॅन रिप दॅट आऊट." साडूभाऊंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो घराची उरलेली माहिती ताईलाच द्यायला लागला.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं, आणि आम्ही नेतही होतो. पण यंदा आमच्या सासूबाई आल्या आणि प्रकरण जरा वेगळं झालं. सासरे गेल्यापासून त्या पुण्यात फ्लॅटमध्ये एकट्या. मधे एकदा बाथरूममध्ये पडल्या, शेजारणीचा फोन आला, आणि दोन्ही मुलींच्या तोंडचं पाणी पळालं. दोघी इथे, आई तिथे. त्यांनी आता इथेच राहावं म्हणून दोघींनी किती विनवण्या केल्या. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "एक हिवाळा काढून बघते. जमलं तर राहीन. नाही जमलं तर मला माझ्या घरी नेऊन सोडायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही." परतीचं तिकीट ऑगस्टअखेरचं काढूनच त्या मे महिन्यात विमानात बसल्या. त्यांची खोली साडूभाऊंच्या घरी, मागच्या बाजूची, आणि नेमका त्याच खोलीतला रेडिएटर नळीच्या शेवटच्या टोकाला असल्यामुळे कोमट.

साडूभाऊंनी हे एखाद्या संकटासारखं अंगावर घेतलं. त्यांचे स्वतःचे आईवडील केव्हाच गेले होते. सासूबाईंशी ते फार बोलत नसत, पण घरात एक वडीलधारं माणूस आहे याचा त्यांना किती आनंद झालाय ते त्यांच्या चालण्यातही दिसत होतं. एका वीकेंडला त्यांनी सगळी यंत्रणा धुवायला काढली. लाँड्रीत बॉयलरखाली पाणी काढायचा नळ आहे, शेजारी पाणी भरायची चावी आणि वर दाबाचा काटा. त्यांनी नळ सोडला आणि डांबरासारखं पाणी बादलीत आलं. सासूबाई खुर्ची घेऊन समोर बसल्या होत्या. "अगंबाई! हे घरात फिरत होतं?" त्या म्हणाल्या. इतकं मन लावून बघणारं माणूस साडूभाऊंना गेल्या कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. त्यांनी हौसेने सगळं दाखवलं. हा नळ पाणी काढायचा, ही चावी भरायची, हा काटा हिरव्यात असला की झालं. मग स्वच्छ पाणी भरलं, त्यात गंज रोखणारं औषध घातलं, आणि मागच्या खोलीतला रेडिएटर वरपासून खालपर्यंत असा तापला की सासूबाईंनी अंगावरची शाल काढून ठेवली. आता या पाण्याला वर्षानुवर्षं हात लावायचा नसतो, ताज्या पाण्यात हवा असते आणि हवेनेच लोखंड गंजतं, हे सांगायचं तेवढं राहून गेलं, कारण तेवढ्यात चहा झाला होता.

पुढे जुलैत साडूभाऊंचा चेहरा उतरू लागला. ते दर रविवारी कागदाची एक पट्टी बॉयलरच्या पाण्यात बुडवतात आणि तिला आलेला रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहतात. रंग गडद, तर औषध पुरेसं. तो दर रविवारी फिकट होत चालला होता. त्यांनी आणखी औषध घातलं, तरी फिकटच. मागच्या खोलीतला रेडिएटर गुडगुडायला लागला आणि पुन्हा कोमट पडला. गंमत म्हणजे दाबाचा काटा मात्र जागच्या जागी. "गळती असेल तर काटा पडायला हवा," ते मला फोनवर सांगायचे, "काटा पडत नाही आणि औषध जातंय. जातंय कुठे?" मी आपला हूं हूं करायचो. इकडे सासूबाईंनी हळूहळू बॅगा आवरायला घेतल्या होत्या. ताईने विचारलं तर म्हणाल्या, "थंडी सोसत नाही गं मला. जाते मी." ताईने हे माझ्या बायकोला सांगितलं, दोघी रडल्या, आणि साडूभाऊंनी शनिवारी मला बोलावून घेतलं. ऑगस्ट लागायच्या आत त्यांना ती खोली गरम करायची होती.

त्यांचं गणित असं, की भरायची चावी आतून गळत असणार, म्हणजे ताजं पाणी आपोआप आत येतंय, आणि खाली कुठेतरी नळी फुटून तेवढंच बाहेर जातंय. म्हणून काटा हलत नाही. हे तपासायचं तर घराखाली शिरायला हवं. इथली जुनी घरं लाकडी खांबांवर उभी असतात, आणि खालची माती आणि घरातली लाकडी जमीन यांच्यामध्ये माणूस पोटावर सरपटेल एवढीच जागा असते. मी पोटावर सरपटलो. माझी बी.ई.ची डिग्री, माझं वय आणि माझं पोट यांपैकी कशालाही ते शोभणारं नव्हतं. साडूभाऊ पुढे टॉर्च घेऊन प्रत्येक नळीवरून हात फिरवत होते, आणि कोळ्यांना "एक्स्क्यूज मी" म्हणत होते. सगळ्या नळ्या कोरड्या ठणठणीत. मी परत फिरू या म्हणणार, एवढ्यात डोक्यावरच्या फळ्यांवर स्लिपरांचा आवाज झाला, त्यामागून स्तोत्राची पुटपुट आली, आणि साडूभाऊंच्या कानाजवळची नळी सळसळली.

"पाणी जातंय!" ते कुजबुजले.

"कुठे?"

"वर!"

"साडूभाऊ, पाणी वर कसं जाईल?" मी म्हणालो, पण ते तोवर उलटे सरपटायला लागले होते आणि त्यांचा बूट माझ्या कपाळावर आला होता.

आम्ही दोघे जावई नखशिखांत मातीने माखलेले लाँड्रीच्या दारात येऊन उभे राहिलो तेव्हा सासूबाई बॉयलरच्या नळाखाली बादली लावून बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "आलात? थांबा हं, एवढं पाणी बदलते, मग चहा टाकते. आज तुम्ही सकाळपासून इथेच ठाण मांडून होतात, राहूनच गेलं होतं माझं."

"आई," साडूभाऊ बादलीकडे बघत म्हणाले, "तुम्ही हे रोज करता?"

"रोज. हीटिंग सुरू व्हायच्या आत उरकते. शिळं पाणी कसं ठेवायचं घरात? जन्मभर रोज हंडा-कळशी घासून ताजं पाणी भरलंय मी. आणि तुम्हीच दाखवलंत ना, कसं काळंकुट्ट झालं होतं! आता बघा किती नितळ येतंय ते. आणि काटा हिरव्यात आणूनच उठते हं, तुम्ही सांगितलं होतं तसं." वाया नको म्हणून त्या ते औषधाचं पाणी कढीपत्त्याला घालत होत्या. ताईने इतक्या वर्षांच्या कष्टाने या थंडीत जगवलेला कढीपत्ता त्या हिवाळ्यात मान का टाकतोय, हे कोडंही तिथेच सुटलं.

याच माणसाने रेडिएटरमध्ये पाणी असतं हे माहीत नसलेल्या गृहस्थाला त्याच्याच वास्तुशांतीला सर्वांसमोर उभं-आडवं घेतलं होतं. आता काय होणार या धास्तीने मी ताईला हाक मारणार होतो. पण साडूभाऊ कपड्यांची टोपली उपडी घालून तिच्यावर बसले आणि अगदी हळू म्हणाले, "आई, लोणच्याचा खार तुम्ही रोज बदलता का हो?"

"इश्श! खार कुणी बदलतं का? खारावर तर लोणचं टिकतं. जितका मुरेल तितकं चांगलं."

"हे पाणी म्हणजे तो खार आहे."

सासूबाईंनी बादलीकडे पाहिलं, बॉयलरकडे पाहिलं, आणि हात पुढे करून नळ बंद केला. त्यांचा चेहरा पार पडला. "म्हणजे मी रोज बिघडवत होते?"

"छे, छे, एवढ्या-तेवढ्याने काही होत नाही," साडूभाऊ म्हणाले. पाण्याच्या बाबतीत त्यांना खोटं बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

सासूबाई पदराने हात पुसत राहिल्या. "मला वाटलं, एवढं एक तरी काम आहे माझ्या हाताला या घरात. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन धुतं. सकाळी तुम्ही सगळे जाता. मी करू काय? तिकडे पहाटे पाणी यायचं, भरायला उठावं लागायचं. उठावंसं वाटायचं. इथे उठलं काय नि न उठलं काय. म्हणून म्हटलं, जावं आपलं परत. थंडीचं काय घेऊन बसलात, शाल घेतली की भागतं."

आम्ही सगळे दोन महिने त्यांच्या खोलीच्या उबेमागे लागलो होतो. साडूभाऊ तर घराखालच्या मातीत लोळून आले होते. आणि ही बाई रोज सकाळी बॉयलरपाशी बसून, आपण इथे कुणाला हव्या आहोत का, हे शोधत होती. साडूभाऊंनी खिशातून पट्ट्यांची डबी काढली. इतकी वर्षं जिला कुणाला बोट लावू दिलं नव्हतं ती डबी त्यांनी सासूबाईंच्या हातात ठेवली.

"आई, हे तपासायचं काम तुम्ही घ्याल? रंग नीट बघावा लागतो. माझ्याकडून आताशा चुकतं."

"मला जमेल?"

"पाक एकतारी झाला की दोनतारी, ते तुम्ही बोटावर ओळखता. हा तर नुसता रंग."

त्यानंतर त्या घरात जे झालं ते मी हसू आवरून सांगू शकत नाही. पुन्हा औषध घातलं गेलं, आणि लाँड्रीला सोवळ्याची कळा आली. रविवारी अंघोळ झाल्याशिवाय सासूबाई पट्टी बुडवायच्या नाहीत. नातीला तिथे बुटांनी यायची बंदी झाली, आणि आश्चर्य म्हणजे ती "सॉरी आजी" म्हणून बूट काढायला लागली. बॉयलरच्या वार्षिक तपासणीला आलेल्या धिप्पाड माणसाने सवयीने पाणी काढायच्या नळाला हात घातला, तेव्हा सासूबाई आडव्या आल्या. "नो! नो फ्रेश वॉटर! धिस इज पिकल!" तो घाबरून साडूभाऊंकडे बघायला लागला. साडूभाऊ म्हणाले, "शी'ज द बॉस, मेट." "नो वरीज," तो म्हणाला आणि जाताना लिंबाच्या लोणच्याची बाटली घेऊन गेला. मागची खोली पुन्हा छान तापायला लागली. मग जेवताना एक दिवस सासूबाईंनी सहज जाहीर केलं, की पुण्याला जाऊन त्या फ्लॅटचं काय ते मार्गी लावणार आहेत आणि इथे परत येणार आहेत. माझी बायको आणि ताई पुन्हा रडल्या. साडूभाऊंनी वाटीतली आमटी एका दमात संपवली आणि अजून मागितली.

ठरल्याप्रमाणे ऑगस्टअखेर त्या गेल्या. फ्लॅटचे व्यवहार, व्हिसाचे कागद, सगळ्यालाच वेळ लागतोय. इथे आता डिसेंबर आहे, ऊन चटचटतंय, बॉयलर कधीचा बंद आहे, आणि उन्हाळ्यात ते पाणी तपासायची काही एक गरज नसते. तरी परवा रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तर साडूभाऊ पट्टी बुडवून फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बसले होते. पलीकडे सासूबाईंनी चष्मा लावला होता. "जरा उजेडात धरा, जावईबापू," त्या म्हणाल्या. साडूभाऊ उठून खिडकीपाशी गेले. "हां, आता दिसलं. चांगला गडद आहे. मी येईपर्यंत कुणी हात लावू नका हं त्याला."

"नाही लावत, आई."

फोन ठेवल्यावर ते ती ओली पट्टी हातात धरून खिडकीशीच उभे राहिले. मग प्रत्येक गोष्टीचं उत्तर ज्यांच्यापाशी तयार असतं अशा माझ्या साडूंनी, मला आठवतंय तेवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, माझ्याकडे वळून मला पाण्याखेरीज दुसरं काहीतरी विचारलं. "थंडी पडायच्या आत येतील ना रे त्या?"

"येतील," मी म्हणालो. आणि भर उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना, मीही हिवाळ्याची वाट बघायला लागलो.